अ‍ॅन ब्राँटेच्या कादंबऱ्या विक्रीसाठी पुन्हा छापायच्या तर कोणाची परवानगी लागते? खर्च किती येतो?

हक्कांचं आधी उरकते. अ‍ॅन ही इंग्लिश कादंबरीकार, १८४९ साली वारली. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे परवानगी नको. पण पुढे तुम्ही लिहिलंय, "मजकूर नेटवरून घेईन, तो सगळीकडे सारखाच असतो." नसतो! या लेखिकेच्या बाबतीत तर मुळीच नाही.

तिची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' ही कादंबरी न्यूबी या लंडनच्या प्रकाशकाने जून १८४८ मध्ये तीन खंडांत काढली. ऑगस्टमधल्या दुसऱ्या आवृत्तीला अ‍ॅनने टीकाकारांना उत्तर देणारी प्रस्तावना जोडली आणि पुढच्या मे महिन्यात ती गेली. १८५० मध्ये स्मिथ एल्डर या प्रकाशनसंस्थेने अ‍ॅन आणि तिची बहीण एमिली यांची पुस्तकं पुन्हा काढली, तेव्हा थोरल्या बहिणीने, शार्लटने, ही कादंबरी वगळली. विषयाची निवडच साफ चुकली, असं तिचं मत. मग १८५४ मध्ये टॉमस हॉजसन या प्रकाशकाने स्वस्त एकखंडी आवृत्ती काढली आणि त्यात मजकुरावर कात्री चालवली. कुठे शब्द, कुठे परिच्छेद, २८वं प्रकरण तर जवळजवळ अख्खं. पुढे स्मिथ एल्डरसकट बहुतेक इंग्लिश प्रकाशकांनी हाच कापलेला मजकूर वापरला. तोच फिरत फिरत तुमच्या फाइलपर्यंत आलेला असू शकतो.

ओळखायचं कसं? पहिल्या प्रकरणाच्या आधी, गोष्ट सांगणाऱ्या गिल्बर्टने त्याच्या मित्राला, हॅलफर्डला, लिहिलेलं पत्र आहे का बघा. हॅलफर्डने आपली कहाणी सांगितली होती, गिल्बर्टने तेव्हा टाळलं, आता ते ऋण फेडतोय. सगळ्या कथनाचं कारण त्या पत्रात आहे. ते नसेल आणि फाइल थेट १८२७च्या शरदापासून सुरू होत असेल, तर ती टाकून द्या. मग २८वं प्रकरण उघडा. नायिका हेलनच्या डायरीतली नाताळची नोंद, आईपणाचा आनंद आणि धास्ती, बाळाकडे नवऱ्याचं दुर्लक्ष, हे सगळं तिथे हवं.

१८४८च्या तिन्ही खंडांचं स्कॅन मिळवा, मजकूर त्यावरून उतरवा आणि एकाने मोठ्याने वाचत, दुसऱ्याने स्कॅनवर बोट ठेवून ताडून पाहा. नुसत्या स्पेलचेकवर विसंबलात तर ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द, गळालेले डॅश आणि अवतरणचिन्हं तशीच राहतील. संवाद आणि मधली पत्रं कुठे सुरू होतात, कुठे संपतात, हे त्या चिन्हांवरून कळतं.

"क्लासिक कोण शब्दन् शब्द वाचतं?" हे या धंद्यात इतक्यांदा ऐकलंय की आता स्पष्टच बोलते: वाचणारे वाचतात, आणि न वाचता छापणाऱ्यांमुळेच ही बाई दीडशे वर्षं अर्धवट छापली गेली. शार्लटला दोष देणं सोपं आहे, पण तिने फक्त पुस्तक बाजूला ठेवलं. कात्री प्रकाशकाची होती.

अ‍ॅनच्या दुसऱ्या कादंबरीला, 'अ‍ॅग्नेस ग्रे'ला, अशी कत्तल भोगावी लागलेली नाही. तिची १८४७ची आवृत्ती छपाईच्या चुकांनी भरलेली आहे, १८५०ची शार्लटच्या नजरेखालची. कुठली घेतली ते पुस्तकात छापा. आधुनिक संपादकांच्या टिपा आणि प्रस्तावना मात्र उचलू नका, त्यांवर हक्क आहेत.

खर्चाचा आकडा प्रेसकडूनच घ्या. अंदाजासाठी: 'टेनंट' सुमारे १ लाख ७० हजार शब्दांची आहे. डेमी या पुस्तकाच्या आकारात पानाला ४०० शब्द धरले तर १६ पानी २७ फॉर्म (एकत्र छापून दुमडलेले कागद), म्हणजे ४३२ पानं. एवढ्या जाडीला नुसत्या गोंदाऐवजी शिलाईची बांधणी सांगा, आणि कव्हरची पाठ त्याच कागदाची कोरी नमुना प्रत (डमी) हातात आल्यावरच मापा.