नवऱ्याला वाढदिवस नको, घराला हवा

तुमचं पत्र, थोडं आखडून:

‘मावशी, आम्ही फोंड्याला राहतो. माझ्या नवऱ्याचा पन्नासावा वाढदिवस येत्या ऑगस्टमध्ये आहे. मला हौस आहे, त्यांना अजिबात नाही. विषय काढला की “म्हाका नाका” (मला नको) एवढंच. गेल्या वर्षी मी न सांगता माणसं बोलावली, तर केक कापून हे बाहेर गाडीत जाऊन बसले, तासभर आत आलेच नाहीत. लग्नाला १९ वर्षं झाली. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवशी मी घरी केक केला होता, तर हे पहाटेच मोटरसायकल काढून वाळपईला मूळ घरी निघून गेले, ते रात्री परतले. हे बारा वर्षांचे असताना यांच्या वाढदिवसाच्याच आठवड्यात सासरे वारले, पण त्याला आता ३८ वर्षं होतील. श्राद्ध थोरले दीर वाळपईला करतात, आम्ही जातोच असं नाही. माझा वाढदिवस नोव्हेंबरात. तो यांच्या लक्षात राहत नाही, आणि मी आठवण करून देत नाही, आपणहून लक्षात राहायला हवा. एरवी बाजारात गेले की आबोलीचा वळेसर (गजरा) आणतील, त्या दिवशी मात्र नाही. यंदा माझ्या भावाने हॉल ठरवलाय, दीडशे माणसं, डीजे. मुलगी बारावीला आहे, फार वाचते. ती म्हणते, “मम्मी, पप्पा म्हणजे ईयोर आहेत, राहू दे त्यांना.” कधी म्हणते बिल्बो, कधी शेल्डन. मला यातलं काही कळत नाही. सगळ्या जगाला वाढदिवस आवडतो, मग यांनाच काय झालंय? – फोंड्याची हौशी.’

हौशीबाय, सगळ्या जगाला वाढदिवस आवडतो हे कोणी सांगितलं तुम्हाला? तुमच्या मुलीने काढलेली नावंच बघा ना. पोरगी हुशार आहे. नावं बरोबर काढलीत, फक्त ती ज्याला लावायची त्याला लावलेली नाहीत. मी त्या नावांच्याच वाटेने जाते, कारण गोष्टीतली माणसं वाढदिवस का नको ते कधी ना कधी बोलून दाखवतात. नवरे ‘म्हाका नाका’वर थांबतात.

ईयोर हे १९२६ सालच्या ‘विनी द पूह’मधलं एक उदास, राखाडी गाढव. त्याच्या वाढदिवसाचं एक अख्खं प्रकरण त्या पुस्तकात आहे. ओढ्याकाठी तो तोंड पाडून उभा असतो. पूह नावाचं अस्वल विचारतं, काय झालं? ईयोर म्हणतो, काही नाही, आज माझा वाढदिवस. या बघ भेटी, हा बघ केक. पूह बघतो तर तिथे काहीच नाही! मग पूह मधाचा बुधला भेट म्हणून घेऊन निघतो आणि वाटेत मध स्वतःच खाऊन टाकतो. पिगलेट हे डुकराचं पिल्लू लाल फुगा घेऊन धावत सुटतं, पडतं, फुगा फुटतो. ईयोरच्या हाती येतो एक रिकामा बुधला आणि रबराची एक ओली चिंधी. आणि हे गाढव खूश! फुग्याची चिंधी बुधल्यात घालतं, बाहेर काढतं, पुन्हा घालतं. फुगा फुटण्याआधी कोणत्या रंगाचा होता, केवढा होता, तेही विचारून घेतं.

आता सांगा, हा तुमचा नवरा वाटतो का? ईयोरला वाढदिवस नको नव्हता. त्याला तो हवाच होता. फक्त तोंडाने सांगायचा नव्हता, दुसऱ्याच्या ध्यानात यावा म्हणून तो वाट बघत होता. हौशीबाय, नोव्हेंबरात तोंड पाडून ओढ्याकाठी कोण उभं असतं? रागावू नका. तुमच्या घरात ईयोर आहे, पण तो तुम्ही आहात.

बिल्बो बॅगिन्सला तर वाढदिवसाची हौस दांडगी. १९५४ साली आलेल्या टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीची सुरुवातच त्याच्या १११व्या वाढदिवसाने होते. तारीख २२ सप्टेंबर, त्याच दिवशी त्याचा वारस फ्रोडो ३३ वर्षांचा होतो. आतल्या खास पंगतीलाच १४४ पाहुणे, म्हणजे तुमच्या भावाच्या यादीला सहा कमी. जेवणं झाल्यावर बिल्बो भाषणाला उभा राहतो आणि बोलता बोलता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, जादूची अंगठी घालून नाहीसा होतो. तुमच्या मुलीला गाडीत जाऊन बसलेले पप्पा इथे आठवले असणार. पण बिल्बोने माणसं स्वतः बोलावली होती, बेत त्याचा होता, नाहीसं कधी व्हायचं हेही त्यानेच ठरवलं होतं. तुमच्या नवऱ्याच्या हातात यातलं काय होतं? केक कापायची सुरी तेवढी.

हॉबिटांची, म्हणजे बिल्बोच्या ठेंगण्या जमातीची, एक रीत मला फार आवडते. ज्याचा वाढदिवस, त्याने दुसऱ्यांना भेटी द्यायच्या. आपल्या शाळांतही वाढदिवसाचं पोर नवा फ्रॉक घालून वर्गभर चॉकलेटं वाटत फिरतं, तेव्हा निम्मे हॉबिट आपणही. बिल्बो जाताना भेटींवर खोचक चिठ्ठ्या लावून जातो. डोरा नावाच्या एका वयस्क नातेवाईक बाई पन्नासहून जास्त वर्षं पत्रांतून लोकांना उपदेश करत आलेल्या असतात. त्यांना तो कचऱ्याची टोपली ठेवून जातो. ती चिठ्ठी वाचल्यावर मी माझ्या टेबलाखाली बघितलं होतं.

शेल्डन कूपर टीव्हीवरचा. ‘द बिग बँग थिअरी’त फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच्या वाढदिवसाचा भाग आला होता. मित्र जमतात, कौतुकाचं बोलतात, तर हा उठून बाथरूममध्ये जाऊन बसतो. लहानपणच्या वाढदिवसांत इतर पोरांनी त्याची टिंगल केलेली असते, बॅटमॅन येणार म्हणून फसवलेलं असतं. आणि एवढ्या नजरा एकदम अंगावर आल्या की त्याचा जीव घाबरा होतो. त्याची शेजारीण पेनी त्याच्यामागे आत जाते. त्याला बाहेर ओढत नाही. तुला इथेच बसायचं असेल तर मीही बसते, म्हणते. थोड्या वेळाने तो आपणहून बाहेर येतो. इथे मात्र मुलीचा नेम बऱ्यापैकी लागलाय असं मला वाटतं. गाडीत बसलेल्या माणसाकडे त्या तासाभरात कोण गेलं होतं, ते तुमच्या पत्रात नाही. बोलवायला नव्हे, नुसतं शेजारच्या सीटवर बसायला.

तुमच्या भावासाठी माझ्याकडे एक नाटक आहे. हॅरॉल्ड पिंटरचं ‘द बर्थडे पार्टी’, १९५८ साली रंगमंचावर आलं. समुद्राकाठच्या एका खाणावळीत स्टॅन्ली नावाचा भाडेकरू राहतो. मालकीण मेग म्हणते, आज तुझा वाढदिवस. तो म्हणतो, नाही. ती मायेने त्याला ढोलकं भेट देते आणि बाहेरून आलेल्या दोन अनोळखी माणसांच्या जोरावर पार्टी होतेच. ज्याची पार्टी तो शेवटी पार मोडून जातो, आणि मेगला दुसऱ्या दिवशीही वाटत असतं की काल फार छान झालं. तुमचा भाऊ माणूस वाईट असणार नाही. मेगही वाईट नव्हती. आणि श्रावणात कोणी डीजे लावून दीडशे माणसांना बसवत असेल, तर शागोती (मांसाहारी रस्सा) ठेवणार की नाही, निम्मे पाहुणे जेवणार की नुसती सोलकढी पिऊन जाणार, एवढा तरी विचार केलाय का त्याने?

आता तुमच्या मुलीने न काढलेलं नाव. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्सपेक्टेशन्स’मधल्या मिस हॅविशॅम. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाने फसवल्याचं पत्र आलं, तेव्हा घरातली सगळी घड्याळं त्यांनी नऊला वीस मिनिटं कमी असताना थांबवली. हे पुष्कळांना माहीत असतं. लग्नाचा तो दिवस आणि त्यांचा वाढदिवस एकच होता, हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं. दर वर्षी त्या दिवशी नातेवाईक जमतात, पण वाढदिवस हा शब्द कोणी काढायचा नाही. त्या स्वतःच पिप या मुलाला सांगतात, आज माझा वाढदिवस, पण त्याबद्दल कोणी बोललेलं मला चालत नाही.

तुमच्या यजमानांनी घड्याळं थांबवलेली नाहीत. ते कामावर जातात, बाजारात जातात, आबोली आणतात. मी त्यांना त्या बाईंच्या रांगेत बसवत नाही. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ‘पण’ घालून ढकलून दिलंत: सासरे वाढदिवसाच्याच आठवड्यात वारले, पण त्याला आता ३८ वर्षं होतील. तिथे मी थांबले आणि पंचांग काढलं.

श्राद्ध तिथीने, वाढदिवस तारखेने. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी तारखेच्या मानाने दर वर्षी अकरा-एक दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारते. १९ वर्षांत असे सात अधिक महिने येतात, आणि तेव्हा तिथी आणि तारीख फिरून पुन्हा जवळपास एकत्र येतात. दर १९ वर्षांनी. वडील गेले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. बारा आणि एकोणीस, एकतीस: तुमच्या लग्नानंतरचा पहिला वाढदिवस, तुमचा केक आणि पहाटे वाळपईला गेलेली मोटरसायकल. एकतीस आणि एकोणीस, पन्नास: यंदा. तो आठवडा पुन्हा पहिल्यासारखाच जुळून येतोय. दिरांना विचारून नेमकी तिथी बघा, एखाद-दुसरा दिवस मागेपुढे असेल. वाढदिवशीच श्राद्ध आलं तर भाऊ हॉलवर डीजेला पैसे देत असेल आणि दीर वाळपईला पिंडदान करत असतील.

बारा वर्षांच्या मुलाने त्या वर्षी काय पाहिलं असेल? नवा शर्ट शिवून घरात आलेला असेल, कदाचित. मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, कारण १९ वर्षांत तुम्ही ते विचारलेलं पत्रात कुठे दिसत नाही. गेल्या वर्षीच्या गाडीचा हिशोब या पंचांगात बसत नाही, ती गर्दीमुळे असेल. दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात.

म्हणून आधी विचारा. ‘वाढदिवस का नको’ असं नको, त्याचं उत्तर तुम्हाला पाठ आहे. ‘यंदा श्राद्ध कधी येतंय, आपण दोघं वाळपईला जाऊया का?’ असं विचारा. मग गप्प राहा, त्यांना वेळ लागेल. ते हो म्हणाले तर जा, दिरांकडे जेवा, आणि येताना गाडीत त्यांना बोलू द्या. त्या दिवशी केक नको, मेणबत्ती नको. श्राद्धाचा दिवस नसेल आणि सासूबाई असतील, तर त्यांच्या हातचं औक्षण पाच मिनिटांत होतं, त्याला कोणी ‘नाका’ म्हणत नाही. मणगणं (चणाडाळीची खीर) चार दिवसांनी करा, काही न सांगता. ताटात आलं की खातील.

आता तुमच्याबद्दल. शेक्सपिअरची क्लिओपात्रा एके ठिकाणी म्हणते, आज माझा वाढदिवस, साधाच करणार होते, पण माझा अँटनी पुन्हा पहिल्यासारखा झालाय, तर मीही पुन्हा क्लिओपात्रा होते. आधीच्या प्रवेशांत अँटनी लढाई हरून आलेला असतो, चिडलेला असतो. एवढी राणी, पण स्वतःचा वाढदिवस केवढा करायचा हे अँटनीचं तोंड बघून ठरवते! तुम्ही तसं का करता? तुमची हौस खरी आहे, ती त्यांच्या तारखेवर का खर्च करायची? नोव्हेंबरातला वाढदिवस तुमचा. महिनाभर आधी कॅलेंडरवर गोल करा, त्यांना तोंडाने सांगा: मला केक हवा, माणसं हवीत, आणि तुम्ही पहिला तासभर माझ्या शेजारी उभे राहायला हवेत. तासाभराने गाडीत जाऊन बसलात तर चालेल.

आणि तो वळेसर. लुईस कॅरलच्या गोष्टीतल्या ‘आरशापलीकडच्या’ ॲलिसला हम्प्टी डम्प्टी हा बोलणारा अंडोबा गणित घालतो: वाढदिवस नसलेले दिवस किती? ३६४. मग त्या दिवसांच्या भेटी बऱ्या की एका दिवसाची? ॲलिसला तरी वाढदिवसाचीच भेट आवडते, तुमच्यासारखी. तुमच्या यजमानांचा हिशोब हम्प्टीच्या बाजूचा आहे. त्यांनी आणलेली आबोली तुम्ही केसांत माळता की फ्रिजमध्ये ठेवता, हे मला विचारावंसं वाटतंय.

भावाला मात्र आजच फोन करा. हॉलची आगाऊ रक्कम परत मिळणार नसेल, तर तारीख नोव्हेंबरात ढकलता येते का ते विचारायला सांगा. दीडशे माणसं तुमच्या नावाने येऊ देत, डीजेसकट.