चांदण्यांच्या रेघा का येतात?

प्रश्न: नवीन कॅमेरा घेतलाय, सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आहे. ट्रायपॉडवर लावून ३० सेकंदांचे फोटो काढले पण चांदण्या बारीक रेघांसारख्या येतात, वर धूसर पण. महागातली लेन्स घ्यावी का?

उत्तर: थांबा, पैसे खिशातच राहू द्या. आधी फोटो मोठा करून नीट बघा. रेघा सगळ्या सारख्या लांबीच्या, एकाच दिशेला असतील तर दोष ना तुमचा ना कॅमेऱ्याचा, पृथ्वी फिरतेय. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे ३० सेकंदांत तारा चंद्राच्या रुंदीच्या पाव भागाएवढा पुढे जातो (ध्रुवाजवळचे कमी), मग रेघ येणारच की. हिशोब सोपाय, ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, पण तुमचा बहुतेक क्रॉप सेन्सर (फोटो टिपणारा भाग जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) असणार म्हणून १८ ला (लेन्सचं सगळ्यात रुंद टोक) आधी १.५ ने गुणा, झाले २७, ५०० भागिले २७ म्हणजे साधारण १८ सेकंद. मी १५ च ठेवतो, १८ ला जरा लांबट दिसतात. आणि रेघ वाकडीतिकडी असेल तर मात्र ट्रायपॉड हलतोय, बोटाने बटण दाबून लगेच फोटो घेऊ नका, २ सेकंदांचा टायमर लावा.

आता धूसरपणा. हा फोकसचा घोळ, आणि यात माझी अमावस्येची एक अख्खी रात्र गेलीये. लेन्सवर आडव्या आठाची खूण असते ना, अनंताची, तिथे रिंग नेऊन ठेवली आणि निवांत शंभरेक फोटो काढले, मागच्या छोट्या स्क्रीनवर झकास दिसत होते, कॉम्प्युटरवर उघडले तर एकेक तारा टिकलीएवढा! खूण अचूक नसते. तुमच्या लेन्सवर ती बहुतेक नसेलच, बरंच आहे.

मॅन्युअल फोकस करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं दृश्य) सगळ्यात ठळक तारा धरा, स्क्रीन १० पट मोठी करा आणि रिंग अगदी हळू फिरवा. तारा लहान लहान होत जाईल आणि एका जागेनंतर परत फुगायला लागेल, तिथून किंचित मागे या, बस. मग झूमला हात लावायचा नाही, लावला तर सगळं परत पहिल्यापासून. बाकी ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) ३.५, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल).

प्रश्न: याच सेटिंगवर चंद्र नुसता पांढरा गोळा का येतो?

उत्तर: कारण तिकडे भर दुपार आहे हो! उन्हात तापलेल्या दगडाचा फोटो काढताय तुम्ही. पौर्णिमेला आयएसओ १००, ॲपर्चर ११, शटर सेकंदाचा शंभरावा भाग इथून सुरू करा, चंद्रावरचे डाग दिसतील. चांदण्या मात्र त्या फोटोत येणार नाहीत.