टेबलावर काय असतं ते आधी बघ

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा तो प्रश्न नाही, म्हणून बैठक मारून लिहितेय. ‘आत्या, एमपीएससीची पूर्व परीक्षा परत थोडक्यात गेली. अजून एक अटेम्प्ट देऊ, की सामान बांधून घरी येऊ?’ असं तू विचारलंस. देऊ की नको ते मी आज सांगणार नाही. त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून गेलाय, तो मी विचारते. समजा झालीस तहसीलदार. मग सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत तू करणार काय?

मागे पुण्याला आले होते तेव्हा तुझ्या खोलीवरच्या मुलींच्या गप्पा कान देऊन ऐकल्या होत्या. कट-ऑफ कितीला लागेल, उत्तरतालिकेतल्या कोणत्या प्रश्नावर हरकत घ्यायची, कुणाला डीसी म्हणजे उपजिल्हाधिकारीपद मिळालं, कुणाचं एसटीआयवर, म्हणजे राज्यकर निरीक्षकपदावर भागलं. मेसच्या भाजीवरही बरंच बोलणं झालं. त्या पोस्टवर बसून दिवसभर काय करावं लागतं, हा विषय मात्र एकदाही निघाला नाही. तुमचा दोष नाही त्यात. निकाल लागला की गावात फेटा बांधून मिरवणूक निघते, आणि सोमवारी कचेरीत काय झालं ते सांगायला कोणी येत नाही. तहसीलदारकी केलीय मी, म्हणून मी सांगते.

तहसीलदाराच्या टेबलावर सगळ्यात जास्त काय येत असेल, तर भावाभावांची भांडणं. त्यातही शेतरस्त्याची. मामलेदार न्यायालय अधिनियम हा 1906 चा कायदा, त्याचं कलम 5. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागायची. मुळात रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. परीक्षेत यावर एखाद-दुसऱ्या मार्काचा प्रश्न येईल. नोकरीत निम्मं आयुष्य यात जातं.

एक प्रकरण सांगते. दोघं चुलतभाऊ. एकाची मोसंबी तोडणीला आलेली, व्यापाऱ्याचा टेम्पो बागेपर्यंत जाईना, कारण दुसऱ्याने वाटेत बोरीच्या काट्या रचलेल्या. त्याचं म्हणणं, इथे रस्ता कधी नव्हताच, मी मोठ्या मनाने जाऊ देत होतो. मी स्थळपाहणीला गेले तेव्हा वैशाखाचं ऊन होतं आणि अर्धं गाव बांधावर जमलेलं. दोन्हीकडच्या बायका एकमेकींची पाच पिढ्यांची उणीदुणी काढत होत्या. तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण माझ्या तोंडी तलाठीच बसलंय) गावनकाशा पसरला. गाडीरस्ता नकाशात तुटक दुहेरी रेघेने दाखवतात. तशी रेघ ओढ्यापर्यंत येऊन थांबत होती, पुढे काही नाही. म्हणजे कागद अर्धाच बोलत होता. मग मी ओढ्याच्या पलीकडे चालत गेले. बांधालगत दोन चाकोऱ्या दिसल्या, वरून गवत वाढलेलं, पण खाली जमीन दगडासारखी घट्ट. नांगरटीची जमीन अशी नसते. तिथून बैलगाड्या वर्षानुवर्षं गेलेल्या होत्या. पंचनाम्यात तसं लिहिलं, दोघांचे जबाब घेतले, पंचांच्या सह्या घेतल्या, काट्या काढायचा आदेश केला. हरलेला भाऊ वर दाद मागायला गेला. जिंकलेल्यानेही आभार मानले नाहीत, कारण त्याच्या मते एवढा उशीर लागायलाच नको होता.

मला त्या कामात मजा यायची. खरंच यायची. दोन माणसं दोन गोष्टी सांगतात, कागद तिसरीच सांगतो, जमीन चौथी. त्यातून ओळीने पटेल असं निकालपत्र लिहायचं, हा माझा आवडता उद्योग. संध्याकाळी डोकं भणभणायचं, तरी ते पान मनासारखं उतरलं की जेवण गोड लागायचं. पण माझ्याच बॅचचा एक जण, माझ्याहून हुशार, या भांडणांना इतका कंटाळायचा की सुनावणीच्या दिवशी सकाळपासून त्याचं पोट बिघडायचं. त्याला आकडे आवडायचे. पुढे लेखा शाखेत जाऊन सुखी झाला.

आता तुझ्याबद्दल. राग मानू नकोस.

दिवाळीत घरी आली होतीस तेव्हा मी तुला पुढचं काय म्हणून विचारलं. तू चार वाक्यांत विषय संपवलास. मग तुझ्या वडिलांनी मोसंबीच्या बागेतल्या डिंक्याचा, म्हणजे खोडातून डिंक गळतो त्या रोगाचा विषय काढला आणि तू तासभर थांबली नाहीस. पाणी खोडाला लागतं म्हणून बुरशी चढते, दुहेरी आळं करा, पावसाळ्याआधी बोर्डोपेस्ट लावा, रंगपूर लाईमच्या खुंटावरची कलमं घ्या. जेवण गार झालं तरी तुझं चालूच. परभणीला चार वर्षं शिकलीस ते नुसतं पदवीपुरतं नव्हतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. न विचारता माणूस कशावर बोलत सुटतो, याच्याइतकी खात्रीची खूण मला तरी दुसरी माहीत नाही. कल चाचण्यांपेक्षा मी त्यावर विश्वास ठेवते.

2012-13 चा दुष्काळ तुला आठवत असेल. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आम्ही पंचनामे करत फिरत होतो. तेव्हा मदतीसाठी नुकसान निम्म्याहून जास्त दाखवावं लागे, 33 टक्क्यांचा निकष 2015 मध्ये आला. माझ्यासोबत एक कृषी सहायक होता. प्रत्येक बागेत गेला की तो खोडाची साल नखाने खरवडून बघायचा. आत हिरवं दिसलं की शेतकऱ्याला बाजूला घेऊन सांगायचा, हे जगेल, फांद्या छाटा, आच्छादन करा, टँकरचं पाणी एवढ्याच ओळींना द्या. मी मोजत होते क्षेत्र, गट नंबर, टक्केवारी. दोघांचंही काम लागतंच. पण त्या बागेत उभी असतीस, तर तू आधी काय केलं असतंस? गट नंबर विचारला असतास, की साल खरवडली असतीस? याचं उत्तर मला पाठवू नकोस. स्वतःला दे.

साल खरवडणाऱ्या माणसाला आपल्याकडे काम नाही, असं समजू नकोस. जालन्यात राहून असं म्हणणं तर अगदीच विनोदी. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली याच गावात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, आणि 1998 चं जागतिक अन्न पुरस्काराचं मानचिन्ह जालन्यात आलं. आज जालन्यापासून देऊळगावराजा-सिंदखेडराजापर्यंत शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. तिथे प्लॉट तपासणारी, खच्चीकरण (फुलातले पुंकेसर काढणं) आणि परागीकरण नीट होतंय का ते बघणारी, शेतकऱ्याला धड सांगता येणारी माणसं लागतात. पगार सुरुवातीला बेताचा, उन्हात फिरणं खूप. विक्रीचं टार्गेट गळ्यात मारणाऱ्या जागाही याच क्षेत्रात आहेत, तेव्हा मुलाखतीत ‘माझं काम प्लॉटवरचं की विक्रीचं?’ हे तोंडाने विचार. लाजू नकोस.

बँकेत शिरायचं असेल तर आयबीपीएस या बँकभरतीच्या संस्थेची कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची परीक्षा तुझ्या पदवीवरच आहे. पण तिथेही टेबलावर काय असतं ते विचारून घे. पीककर्जाच्या फायली आणि वसुली असते. मोसंबी क्वचित.

स्वतःचं काही करायचं असेल तर रोपवाटिका किंवा सल्लाकेंद्र. कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र ही केंद्राची योजना 2002 पासून आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेमार्फत 45 दिवसांचं निवासी प्रशिक्षण फुकट मिळतं, आणि पुढे कर्ज मंजूर झालं तर महिलांना 44 टक्के अनुदान आहे. बँक कर्ज देईपर्यंत तुझ्या चपला झिजतील, तेही सांगून ठेवते. कलमांची रोपवाटिका काढलीस तर परवाना लागतो, मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्या काड्या कलमाला घेणार ती झाडं, दाखवावे लागतात. त्याआधी बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रावर आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन ये. ओळख काढायची गरज नाही, शास्त्रज्ञ मंडळींना प्रश्न घेऊन आलेला माणूस आवडतो. आणि एक. तुझ्या बरोबरीची काही पोरं आपलं पदवी प्रमाणपत्र औषध दुकानदाराला परवान्यासाठी वापरायला देतात आणि घरबसल्या महिन्याचे पैसे घेतात. तसलं करू नकोस. उद्या बोगस औषधाने कुणाचं पीक जळालं तर परवान्यावर तुझं नाव असेल.

हे सगळं वाचून तुला वाटेल, आत्या मला स्पर्धा परीक्षा सोडायला सांगतेय. तसं नाही. नव्या पद्धतीत एमपीएससीची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, नऊ पेपर, गुणवत्तेसाठी 1750 गुण, वर मुलाखतीचे 275. वैकल्पिक विषयात कृषी आहे, म्हणजे तुझी बाजू जमेची. पण लिहिणं ही वेगळी ताकद आहे. चार पर्यायांतून एक उचलायची सवय लागलेल्या हाताला अडीचशे शब्दांचं उत्तर लवकर जमत नाही. तेव्हा एक कर. शेतरस्त्याचं जे प्रकरण वर सांगितलं, त्यावर तहसीलदार म्हणून दोन पानी आदेश लिहून मला पाठव. कायद्याची भाषा चुकली तरी चालेल. लिहिताना तुला वेळेचं भान राहिलं नाही, तर जरूर अटेम्प्ट दे, मी तुझ्या बापाशी बोलते. अर्ध्या पानावर पेन ठेवून जांभई आली, तर तेही मला प्रामाणिकपणे कळव.

देणार असशील तर घरी राहून, हाताला काहीतरी काम ठेवून दे. वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. ही सवलत भल्यासाठीच दिलेली, पण तिचा एक जाच आहे: थांब म्हणून सरकार सांगत नाही, क्लासवाला तर नाहीच नाही. ते आपलं आपणच ठरवायचं असतं, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते ठरवता येत नाही. आत्ता, डोकं शांत असताना, कागदावर तारीख लिही आणि आईला दाखव. वडिलांना नको, ते लगेच स्थळं बघायला लागतील.

स्थळांवरून आठवलं. ‘पोरगी पुण्याहून हात हलवत परत आली’ असं गावात म्हणतील. म्हणू देत. गावाची जीभ पेरणी लागली की दुसरीकडे वळते. तुझ्या आईचं मन मात्र दुखेल, तिने बांगड्या गहाण ठेवल्याचं तुला माहीत आहे. तिच्याशी मोकळेपणाने बोल, आडून नको. तिला पोस्टचं फार नसतं गं. तुझं रोजचं रडणं थांबावं एवढंच हवंय तिला.

पुढच्या आठवड्यात ये. आपल्या तहसीलमध्ये सुनावणी असते त्या दिवशी मागच्या बाकावर बसून बघायला कोणी अडवत नाही. निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत बस, फोन पिशवीत ठेवून. दुसऱ्या दिवशी बदनापूरला जाऊ, मी बरोबर येईन, मलाही माझ्या दारातल्या झाडाची पानं पिवळी का पडतात ते विचारायचंय. येताना वडिलांकडून बागेचा सातबारा घेऊन ये. गेल्या वर्षी खोदलेल्या विहिरीची नोंद इतर हक्कात लागली का ते बघू, नसेल लागली तर अर्ज तूच लिहायचास.

तुझी आत्या