दुरुस्तीचं टेबल: डॉकची वायर

प्रश्न: भाच्याने मुंबईहून आणून दिलेला जुना डॉकिंग स्पीकर आमच्याकडे आहे. फोन बसवायच्या रुंद कनेक्टरची वायर मुळाशी हलवली की एका बाजूचा आवाज येतो-जातो. ती आत सोल्डर केलेली आहे, ओढून निघत नाही. दुरुस्तीवाले म्हणाले, वायर मिळत नाही, नवीन स्पीकर घ्या. तिच्या जागी लाइटनिंगची, म्हणजे आयफोनच्या नंतरच्या छोट्या कनेक्टरची, वायर जोडली तर? जुना फोन अजून चालतो. गणपतीत आरतीला हाच लावतो.
– एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर: ताई, लाइटनिंगचा विचार सोडा. तुमचा रुंद कनेक्टर जुन्या आयफोनचा, 30 पिनांचा. त्यात फोन स्वतःच तयार आवाज 3 आणि 4 नंबरच्या पिनवर देतो, वायर तो नुसता वाहून नेते. 2012 मध्ये आलेल्या लाइटनिंगला 8च पिना, आणि त्यातून तयार आवाज बाहेर पडतच नाही. मध्ये तो तयार करणारी चिप लागते. बाजारातली 30 पिनांची साधी चार्जिंग वायरही आणू नका. तिच्यात बहुधा चारच तारा असतात, आवाजाच्या नसतातच.

मी म्हणतो, नवी वायर हवी कशाला? रत्नागिरीत 35 वर्षं टेबलावर बसून असल्या वायरी पाहिल्या, त्यात कनेक्टर गेलेला क्वचितच. तार तुटते ती जिथे वाकते तिथे, म्हणजे डब्यातून बाहेर पडते त्या तोंडाशी. तेवढा तुकडा कापून तीच वायर परत लावायची. दोनेक इंच आखूड होईल, होऊ दे.

ॲडॉप्टर काढून डबा उघडा आणि कशालाही हात लावण्याआधी फोटो घ्या. कोणत्या रंगाची तार बोर्डावरच्या कोणत्या सोल्डरच्या ठिपक्यावर, हे कागदावरही लिहा. मी एकदा मोठ्या ऐटीत सगळ्या तारा आधी सोडवल्या आणि मग अंदाजाने लाल तार आवाजाच्या जागी लावली. तिच्यात चार्जिंगचे 5 व्होल्ट होते. गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि ॲम्प्लिफायरचा वास आला!

आता आपल्या किनाऱ्याची खोडी. वायर कापून सोललीत की तांबं लालसर चकचकीत दिसायला हवं. आमच्याकडे खारा दमट वारा आवरणाच्या आतून वर चढतो आणि तार काळी पडते, कधी हिरवी. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. कल्हईवाला भांडं घासल्याशिवाय कथील फिरवायचा का? तसंच. लाल तांबं दिसेपर्यंत थोडं थोडं मागे कापत जा. मग राळेची पेस्ट लावून टोकांना आधीच सोल्डर चढवून ठेवा. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट मात्र नको, ती पुढे तार खाते.

बोर्डावरचं जुनं सोल्डर बिनशिशाचं असेल तर वितळायला 217 अंशांच्या वर न्यावं लागतं. तिथे आयर्न दाबून धरलं की तांब्याचा ठिपकाच उचकटून येतो. त्यापेक्षा साधं शिशाचं सोल्डर, जे 183 अंशांच्या आसपास वितळतं, थोडं वरून मिसळा. जुनंही लवकर सुटतं. 25 वॅटचं आयर्न पुरे. अर्थिंगचा ठिपका बोर्डाच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो, तो जास्त वेळ घेईल, घाबरू नका. खिडकी उघडी ठेवा, काम झालं की हात धुवा.

वीज लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर (तारा जोडलेल्या असल्या की वाजतो त्या खुणेवर) ठेवून शेजारच्या तारा एकमेकींना चिकटल्या नाहीत ना ते बघा, 5 व्होल्टची तार तर दोनदा. तोंडाशी आतून केबल टाय आवळला की ओढ सोल्डरवर येत नाही.

डावा-उजवा उलटा लागलाच तर राहू दे. झांजा सुरू झाल्यावर कुणाच्या कानाला कळणार आहे!