आधी पान सांग

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. रविवारच्या वाचन-बैठकीत तू शरीरातल्या चक्रांवर बोललीस, मणिपूर, म्हणजे नाभीपाशी मानलेलं चक्र, पिवळं म्हणालीस, कोपऱ्यातून कुणीतरी "कुठे लिहिलंय?" विचारलं आणि तुला सांगता आलं नाही. आता म्हणतेस, आपल्याला यातलं काही कळत नाही, तेव्हा वाचीन पण बोलणार नाही. अगं, कळण्या-न कळण्याचा इथे संबंध काय? तुझ्याकडे पान नव्हतं, एवढंच झालं. पान असतं तर विचारणाऱ्यालाच उठून चष्मा शोधावा लागला असता.

ते मणिपूरच घे. पूर्णानंदांचं 'षट्चक्रनिरूपण' 1577 चं. वुडरॉफ या इंग्रज न्यायाधीशाने आर्थर ॲव्हलॉन या नावाने 1919 साली ते इंग्रजीत आणलं, आणि आज चक्रांवर जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं त्या एका पुस्तकातून झिरपलेलं आहे. त्यात मणिपुराचं दहा पाकळ्यांचं कमळ पाण्याने भरलेल्या ढगाच्या रंगाचं आहे. भुवयांमधल्या आज्ञाचक्राच्या दोन पाकळ्या चंद्रासारख्या पांढऱ्या. इंद्रधनुष्याचे सात रंग खालून वर ओळीने लावायची टूम विसाव्या शतकातली. योगाच्या क्लासात भिंतीवर तोच तक्ता असतो, म्हणून तो जुना ठरत नाही. तू खोटं बोलली नाहीस. वाचलास तक्ता आणि नाव घेतलंस ग्रंथाचं.

म्हणून आधी पान सांग.

आणि पानाच्या आधी प्रत सांग. "गुरुचरित्राचा सप्ताह चालू आहे, आज दुसरा दिवस" असं कुणी म्हणालं की सगळे माना डोलावतात. पण एका क्रमात दुसऱ्या दिवशी 18 व्या अध्यायाशी थांबतात, दुसऱ्यात 21 व्याशी. एक पोथी 51 अध्यायांची, एक 52 ची, एक 53 ची. मग दोघी तासभर बोलतात आणि दोघींच्या डोळ्यांपुढे वेगळे अध्याय असतात. ज्ञानेश्वरीत तर पानाचा उपयोगच नाही, अध्याय आणि ओवी लागते. तीही राजवाडे प्रतीतली की साखरे प्रतीतली ते सांगायचं, कारण दोन्हींचे आकडे जुळत नाहीत.

बारीक रेघांची एक चोपडी घे. पुस्तकामागे एक पान. वर नाव, प्रकाशक, साल, कितवी आवृत्ती, अनुवादक कोण. खाली तारीख आणि कुठून कुठवर वाचलं. मग एकच उतारा, चार ओळींच्या वर नाही, आहे त्या शुद्धलेखनासकट. त्याखाली दोन बोटं जागा सोडून तुझं म्हणणं, आणि ते पेन्सिलीने. शाई आणि पेन्सिल मिसळायची नाही. सगळं एकाच शाईत लिहिलं की सहा महिन्यांनी ग्रंथकाराचं वाक्य कुठलं आणि आपलं कुठलं हे ओळखू येत नाही, आणि मग माणूस आपल्याच मताला ग्रंथाचा आधार म्हणून दाखवत फिरतो. फोनवर फोटो काढत असशील तर आधी मुखपृष्ठामागच्या पानाचा काढ, मग उताऱ्याचा. नाहीतर गॅलरीत चारशे फोटो आणि एकाचंही गाव माहीत नाही. फोनवरच्या पुस्तकात 'अडतीस टक्के झालं' याला अर्थ नाही. प्रकरण आणि परिच्छेद मोजून लिही.

माझ्या तीन वह्या अशा भरल्यात की उतारे सुरेख आहेत आणि एकाखालीही पान नाही. आता त्या उताऱ्यांचं काहीही करता येत नाही. बैठकीत मी 'पान कुठलं' म्हटलं की दोघं-तिघं कपाळाला आठ्या घालतात, काहीजण त्यापायी यायचे थांबले, हेही खरं. रस जातो म्हणतात. जाऊ दे की! अर्धवट आठवणीच्या रसावर मी कितीतरी रविवार काढले, त्यात पदरात काय पडलं ते त्या वह्या सांगतात. मी चुकतो असं मला अजूनही वाटत नाही.

तू विचारलंस, साधनेचे ग्रंथ आणि भयकथा एकत्र वाचल्या तर चालेल का. खुशाल वाच. पण कुठलं पुस्तक स्वतःबद्दल काय म्हणतं ते सांगितल्याशिवाय त्यावर बोलू नकोस. तुझ्या यादीतलं 'नेक्रोनॉमिकॉन' बघ. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराने ते कथेसाठी रचलं, 1924 साली छापलेल्या कथेत ते नावानिशी आलं, आणि तो स्वतः पत्रांतून सांगत असे की हे पुस्तक नाहीच. तो 1937 ला गेला. तू वाचतेस ते 1977 चं, न्यूयॉर्कमध्ये निघालेलं. तुझ्या यादीत ते ज्ञानदेवांच्या अमृतानुभवाच्या शेजारी बसलंय, आणि दोन्हींपुढे 'प्राचीन' लिहिलंयस. साल लिहिलं असतंस तर हात तिथेच थांबला असता.

मॅकेन या भयकथाकाराच्या कथांबद्दलही तसंच. तो गोल्डन डॉन या गुप्त मंडळात होता, म्हणून कथांत खरी दीक्षा दडली आहे, असं तू लिहितेस. त्याची पॅन देवावरची कथा पुस्तकरूपाने आली 1894 ला, आणि तो मंडळात गेला 1899 ला. आता सांग, कोण कुणापासून आलं?

थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हात्स्कीबाईंचा मोठा ग्रंथ, 'गुप्त सिद्धान्त', दोन खंडांत 1888 ला आला. बाई 1891 ला वारल्या आणि तिसरा खंड निघाला 1897 ला. तिसऱ्यातलं काही सांगायचं असेल तर हे आधी सांग. ज्या मूळ पोथीवर हे सगळं उभं आहे ती इतर कुणी पाहिलेली नाही, हेही. तिबेटी मृत्युग्रंथाचं ते नाव इव्हान्स-वेंट्झने 1927 च्या आवृत्तीला दिलं, आणि त्याला तिबेटी येत नव्हतं. भाषांतर काझी दावा सामदुप यांचं. मूळ नावाचा अर्थ 'ऐकून मुक्ती' असा. मेलेल्याच्या कानाशी वाचायचा मजकूर आहे तो, हे नावातच कळलं असतं.

आपण बडोद्यात राहतो याचा तरी फायदा घे. गुह्यसमाज तंत्र हा बौद्ध तंत्रग्रंथ जगासमोर छापून आलं ते इथूनच, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, 53 वा क्रमांक, 1931, बिनयतोष भट्टाचार्यांचं संपादन. देवनागरीत आहे, अक्षर लागतं, म्हणून तू सरळ वाचत सुटलीस आणि घाबरलीस. साहजिक आहे. चंद्रकीर्तीची त्यावरची टीका, म्हणजे भाष्य, सांगते की तंत्रातलं वचन सहा तऱ्हांनी घ्यायचं असतं: नेयार्थ (अर्थ लावून घ्यायचा), नीतार्थ (अर्थ उघड असलेलं), संध्याभाषा (सांकेतिक बोली), संध्याभाषा नसलेलं, शब्दशः आणि शब्दशः नव्हे ते. तू सगळं पाचव्या तऱ्हेने वाचलंस. टीका हाताशी नसेल तर त्या ग्रंथावर बैठकीत बोलायचं नाही, फक्त संपादकाची प्रस्तावना सांगायची, आणि प्रस्तावना आहे असं म्हणून सांगायची.

उलट आपलं लीळाचरित्र. महानुभाव पंथाने ते सकळ या सांकेतिक लिपीत कोंडून ठेवलं, इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी फोडली, आणि आत निघालं काय? पंथाच्या चक्रधरस्वामींचं चालणं, बोलणं, जेवणखाण, भक्तांचे रुसवे. आपल्या शेजारच्या भडोचचा माणूस तो. कुलूप भलं मोठं, आणि पेटीत घरातली भांडी. 'गूढ' म्हणून त्याची शिफारस करतेस तेव्हा गूढ लिपी की मजकूर, तेवढं बोल.

भयकथेला पान जास्तच लागतं. ब्लॅकवुडची डॅन्यूब नदीतल्या बेटावरची विलोच्या झाडांची कथा, 1907 ची, तू 'भारी वातावरण' म्हणून संपवलीस. वातावरण कुठल्या वाक्याला फिरलं? त्यात भूत असं दिसत नाही, झाडं जवळ आल्यासारखी वाटतात, वाळूत खड्डे पडतात. पहिल्यांदा तुझं मन कुठे चरकलं ती ओळ वाचून दाखव आणि थांब. शेवट सांगू नकोस, तो ज्याचा त्याने वाचावा. धारपांची, मतकरींचीही कथा अशीच सांग. कथानक सांगून टाकलं की हातात काही उरत नाही.

रविवारी तुला सहा मिनिटं मिळतात आणि तू त्यात पाच पुस्तकं कोंबलीस. एकच आण. पहिलं मिनिट प्रतीला, मग उतारा दोनदा सावकाश, मग तुझा न सुटलेला प्रश्न.

येत्या रविवारी मणिपूरच घेऊन ये. वुडरॉफच्या पुस्तकाची संस्कृतही छापलेली प्रत मिळाली तर तो श्लोक शाईने उतरव, खाली पेन्सिलीने लिही की पिवळा तू कुठे पाहिलास. तक्त्याचा फोटो असेल तर तोही आण, छापणाऱ्याचं नाव खालच्या कोपऱ्यात बारीक असतं. बैठक साडेपाचला, पण तू पाचला ये. ज्याने प्रश्न विचारला तो दांडिया बाजारातून लवकर येतो, त्याच्या शेजारी बस.