जंजिऱ्याच्या दारावरचा शरभ खरंच होता का?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे जंजिऱ्याला गेलो होतो, राजपुरीहून शिडाच्या होडीने. मोठ्या दरवाजापाशी पंजात हत्ती, शेपटीत हत्ती असा एक वाघासारखा प्राणी कोरलाय, गाइड म्हणाला हा शरभ. माझा 10 वर्षांचा मुलगा तिथेच अडून बसला, असा प्राणी खरंच होता का? सासरे म्हणाले, पुराणात आहे म्हणजे होताच, आता नामशेष झाला. नवरा म्हणाला भाकडकथा सगळ्या, आठ पायांचा प्राणी असतो का कुठे! त्यावरून घरी येईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मुलगा अजून विचारतोय, काय सांगू?
- एक वाचक, पनवेल

उत्तर: ताई, फोटो काढलेच असतील, तर मुलाला त्यातले पाय मोजायला सांगा. चारच आहेत. सासरे आणि यजमान ज्या आठ पायांच्या शरभावरून भांडले तो त्या दारावर नाहीच आहे, आणि माझ्या मते तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं, कारण शरभ म्हणून जो सांगतात तो दर काळात वेगळाच निघतो.

सगळ्यात जुना बघा. यजुर्वेदात शरभ येतो तो नुसता रानातला पशू म्हणून, ना पंख ना आठ पाय. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात एक फार सुंदर कथा आहे, यज्ञाचं सत्त्व माणसातून घोड्यात जातं, तिथून बैलात, मग मेंढ्यात, मग बोकडात, आणि सत्त्व निघून गेलं की मागे राहिलेल्याचा दुसराच प्राणी होतो, मेंढ्याचा उंट होतो आणि बोकडाचा शरभ. म्हणजे उंटाच्या शेजारी बसलाय तो! बौद्ध जातकांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींमध्ये, बोधिसत्त्व (पुढे बुद्ध होणारा) एका जन्मात शरभ असतो, हरणासारखा, आणि त्याचीच शिकार करायला आलेला राजा खड्ड्यात पडतो तर हा त्याला वर काढतो. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातसुद्धा शरभाचं नाव गवय (रानबैल) आणि सशाच्या ओळीत आहे. हे सगळं एकत्र वाचलं की मला तरी वाटतं की सुरुवातीला हा कुठलातरी रानबोकड नाहीतर हरणाच्या जातीचा खराखुरा प्राणी असावा, नेमका कुठला ते मी छातीठोकपणे नाही सांगणार.

मग आठ पाय कुठून आले? महाभारतात शांतिपर्वात एका ऋषीच्या कुत्र्याची गोष्ट आहे, ऋषी त्याला वाचवायला बिबट्या करतो, मग वाघ, हत्ती, सिंह आणि शेवटी सिंहालाही भारी पडेल असा शरभ, तिथे त्याला आठ पाय आहेत. पुढे लिंगपुराण, शिवपुराणात तर शंकरच शरभ होऊन नरसिंहाला आवरतो, अर्धा पशू अर्धा पक्षी, पंखसुद्धा आले. यावर वैष्णवांनी नरसिंहाचा गंडभेरुंड उभा केला, दोन डोक्यांचा पक्षी, शरभाला भारी पडणारा. शैव-वैष्णवांची चढाओढ वाढली तसे हे प्राणी पण वाढत गेले. आणि किल्ल्यांच्या दारावर तो आला तेव्हा त्यात सत्तेची भाषा आली, पायाखाली हत्ती म्हणजे शत्रूची ताकद, म्हणून शिवनेरीच्या दारावर पण आहे आणि सिद्द्यांच्या जंजिऱ्यावर पण.

आता यजमानांचं एक अगदी खरं आहे, पाठीचा कणा असलेला आठ पायांचा प्राणी आजवर जिवंत सोडा, जीवाश्मातसुद्धा सापडलेला नाही, सासऱ्यांना हे आदराने पण स्पष्ट सांगायला पाहिजे. मन मोकळं ठेवायचं म्हणजे दोघांनाही "तुमचं पण बरोबर" म्हणायचं, असं मी नाही मानत. पण भाकडकथा म्हणून झटकून टाकलं की तो बोकड पण हातचा जातो ना! इराणच्या राजाच्या दरबारात क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता, त्याने इ.स.पू. 400 च्या आसपास भारतातल्या एका भयंकर प्राण्याबद्दल लिहून ठेवलंय, माणसासारखं तोंड, दातांच्या तीन ओळी, शेपटीत विंचवासारखी नांगी, आणि नावाचा अर्थ माणूस खाणारा. पुढे पॉसेनियस या ग्रीक प्रवाशानेच म्हटलं की हा वाघ असणार, लोकांनी भीतीपोटी वाढवून सांगितलाय. म्हणजे आपला पट्टेरी वाघ तिकडे राक्षस होऊन पोचला होता. वर्णन चुकलं म्हणून वाघ नव्हता असं होतं का?

तेव्हा मुलाला सांगा, आठ पायांचा नव्हता, पण शरभ नावाचा कुठलातरी प्राणी बहुतेक होता, आणि त्याला पाय आणि पंख कधी कसे फुटत गेले ते आपण दोघं मिळून शोधू. सासऱ्यांकडे शांतिपर्वाचं मराठी भाषांतर असेल तर ती कुत्र्याची गोष्ट त्यांनाच वाचून दाखवायला सांगा नातवाला, यजमानांना पण शेजारी बसवा. आणि पुढच्या सुट्टीत शिवनेरीला जा, तिथला शरभ जंजिऱ्याच्या फोटोशेजारी ठेवून बघा, मुलाला फरक पटापट दिसतील. काय काय सापडलं ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.