जुना पण नीट चालणारा डीएसएलआर कधी बदलावा?

तुमचा प्रश्न असा आहे: देवगडला राहता, २०१० साली घेतलेला निकॉन डी९० हा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) अजून ठणठणीत आहे. जोडीला १८-१०५ ची झूम आणि ५० एमएम एफ १.८ डी अशा दोन लेन्स आहेत. फोटो हौसेचे: घरची कार्यं, समुद्र, आणि थंडीत जत्रांमधले दशावतार. मित्र म्हणतात मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा) घे. तुम्हाला कळत नाही की चालती वस्तू बदलायची का, आणि बदलायचीच तर कधी.

मी कुडाळकडे वीसेक वर्षं फोटोग्राफी करतोय, लग्नं आणि नाटकं दोन्ही, त्यामुळे या प्रश्नातून मी स्वतः गेलोय. मला जे पटलंय ते सांगतो. कॅमेऱ्याचं वय बाजूला ठेवा. गेल्या वर्षभरात तुमचे कुठले फोटो हुकले ते आठवा आणि प्रत्येकापुढे लिहा, कशामुळे हुकला. माझ्या ऑर्डरच्या वहीची मागची पानं याच कामाला आहेत. 'नातवाचा फोटो, हलला, शटर स्पीड कमी ठेवला.' ही माझी चूक. 'हर्णैचा मासळीचा लिलाव, सगळे फोटो धुरकट.' ही लेन्सची. 'संकासुर, आउट', म्हणजे फोकस चुकलेला. ही बॉडीची, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याची. वर्षभराच्या अशा नोंदी समोर ठेवल्या की पैसे कुठे घालायचे ते दिसतं. बहुतेक वेळा बॉडीच्या नावावर फार थोडे फोटो निघतात.

ते संकासुराचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्हीही दशावतार काढता. आठ-दहा वर्षांपूर्वी एका जत्रेत रात्री एक वाजून गेला होता. देवळासमोर मांडव, दोन बाजूंना दोन ट्यूबलाइट आणि मध्ये एक पिवळा दिवा. आडदशावतार, म्हणजे नाटकाआधीचा भाग, चालू, आणि त्यातला राक्षस संकासुर आला. अंगावर सगळं काळं. मी ५० च्या लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, पूर्ण उघडून बसलेलो, आणि लेन्स नुसती पुढे-मागे घरघरत होती, फोकस कुठेच धरत नव्हती. मधल्या पॉइंटने काठावरचा झेंडूचा हार पकडला तर मिळायचा, पण तोवर तो गिरकी घेऊन पलीकडे. शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "नाटक बघ मरे, किती फोटो काढतंस?" त्या रात्री तीनशेच्या वर फोटो काढले, त्यातले संकासुराचे सतरा, आणि सतराही आउट. पुढच्या दोन जत्रांत तसंच झालं तेव्हा मी बॉडी बदलली. तोवर कितीतरी लोकांनी 'जुना झाला तुझा' म्हणून झालं होतं, त्याचं मी काही मनावर घेतलं नव्हतं.

आता हे आकड्यांत बघा. डी९० ला फोकसचे ११ पॉइंट आहेत आणि त्याची फोकस यंत्रणा -१ ईव्ही उजेडापर्यंत काम करते (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा जितका खाली तितका काळोख). निकॉनच्याच २०१५ च्या डी७२०० ला ५१ पॉइंट आहेत आणि ती -३ ईव्हीपर्यंत जाते. दोन स्टॉपचा फरक, म्हणजे एक चतुर्थांश उजेडातही ती फोकस धरते. आयएसओचाही (कमी उजेडात फोटो काढायची सेन्सरची क्षमता) डी९० चा नेहमीचा पट्टा ३२०० पर्यंत, डी७२०० चा २५,६०० पर्यंत. शेवटच्या टोकाला कुणी काढत नाही, पण ३२०० ला डी७२०० आरामात असतो आणि डी९० घामाघूम. तुमच्या वहीत 'रात्री, काळा वेश, आउट' अशा नोंदी भरल्या असतील तर बदलायला ते खरं कारण आहे. दिवसाउजेडी समुद्र, पाहुणे, गणपतीची आरास हेच जास्त असेल, तर डी९० ला काही झालेलं नाही. त्याची १२ मेगापिक्सेलची फाइल ४२८८ बाय २८४८ असते, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ती साधारण १४ बाय साडेनऊ इंच छापता येते. घरात लावायला यापेक्षा मोठी फ्रेम किती जण करतात?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं सोडताना बघायला गेला असाल तर तोही असाच प्रसंग. फेब्रुवारी ते एप्रिल, सकाळी उजाडताना किंवा संध्याकाळी उतरत्या उजेडात पिल्लं सोडतात, आणि फ्लॅश चालत नाही. चालूही नये, कारण पिल्लं उजळ क्षितिजाकडे जातात, म्हणजे एरवी समुद्राकडे, आणि कृत्रिम उजेडाने त्यांची दिशा चुकते. अशा वेळी मात्र आधी लेन्स बघा. १८-१०५ लांब झूम केली की एफ ५.६ होते, आणि एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. तुमच्याकडची ५० एमएम एफ १.८ ला त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. ती बॅगेत असताना झूमनेच काढत बसणं हे नुकसान आहे, आणि ते नव्या बॉडीने भरून निघत नाही.

आता आपल्या किनाऱ्याचा मुद्दा. देशावरच्या माणसाला हे कळत नाही, पण कोकणात कॅमेरा वापराने जितका म्हातारा होतो त्यापेक्षा जास्त पावसाळ्याने होतो. जून ते सप्टेंबर कपाटातले पट्टे, चपला, लग्नातला कोट यांना बुरशी येते, तशीच ती लेन्सच्या आतही येते. ओळखीच्या एकाने 'कॅमेरा जुना झाला, फोटो धुरकट येतात' म्हणून चांगली महाग बॉडी घेतली आणि तीच जुनी लेन्स अडॅप्टरने लावली. फोटो तसेच. माझ्याकडे घेऊन आला तेव्हा लेन्स काढून, अ‍ॅपर्चरची पट्टी बोटाने सरकवून पूर्ण उघडली आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे, मधोमध एक ठिपका आणि तिथून चहूकडे पसरलेले. ती बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. लवकर दिसली तर साफ होते, उशीर झाला की साफ करूनही डाग राहतो.

म्हणून काहीही ठरवण्याआधी आज रात्री तुमच्या दोन्ही लेन्स टॉर्चवर बघा. मग एफ १६ ला कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल, किनाऱ्यावर लेन्स बदलत असाल तर दिसणारच. ती साफ होते, तो म्हातारपणाचा पुरावा धरू नका.

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. निळं जेल मिळालं तर घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. केशरी घ्या आणि रंग बदलला की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पण तो तवा पुन्हा भाकरीला नको. जमत असेल तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्या. वीज गेली तरी दार बंद असेल तर ती बराच वेळ टिकते. कॅमेऱ्याची बॅग मात्र पावसाळ्यात साठवणीला वापरू नका, आतला फोम ओल धरून ठेवतो. किनाऱ्यावरून आलात की स्वच्छ पाण्यात किंचित ओलं केलेलं फडकं बॉडीवर फिरवा आणि लगेच कोरडं पुसा. मीठ अंगावर राहिलं की कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. बदलायचंच ठरलं तरी हा डबा आधी घ्या, नाहीतर नवी बॉडी आणि लेन्स पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच वाटेने जाणार.

डी९० ची उरलेली तपासणी सोपी आहे. मेनूमध्ये बॅटरी इन्फो उघडा, तिथे बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ४ आलं असेल तर बॅटरी बदला, कॅमेरा नको. शटर किती वेळा पडलं ते निकॉनच्या जेपेग फाइलमध्येच लिहिलेलं असतं, इंटरनेटवर फाइल टाकून आकडा बघता येतो. डी९० चं शटर कंपनीने १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. याचा अर्थ लाख झाले की तुटणार असा नाही. एखादं त्याआधीही जातं, कितीतरी पुढेही चालतात. आणखी एक, हा कॅमेरा एसडीएचसी कार्डांचा आहे. ३२ जीबीच्या वर जाऊ नका, चांगली दोन ३२ ची कार्डं घेऊन ठेवा.

मी लग्नाच्या कामात शटर तुटताना पाहिलंय. मुहूर्ताला दोन मिनिटं, अंतरपाट धरलेला, भटजी 'सावधान' म्हणतायत आणि माझ्या स्क्रीनवर एरर. दुसरी बॉडी गळ्यात होती म्हणून निभावलं. पैसे घेऊन काम करणाऱ्याने बॉडी मरायची वाट बघायची नसते, कारण दुसऱ्याच्या लग्नाचा मुहूर्त परत येत नाही. तुमचं हौसेचं आहे. शटर तुटलं तर एक संध्याकाळ वाया जाईल, तेवढी जोखीम घ्यायला हरकत नाही. शटर गेलंच तर दुरुस्तीला टाकण्याआधी सुटे भाग मिळतात का हे विचारा, आणि खर्च त्याच मॉडेलच्या जुन्या बॉडीच्या किमतीजवळ जात असेल तर दुरुस्ती सोडून द्या.

व्हिडिओ हवा असेल तर मात्र मी उलट सांगेन. २००८ साली डी९० हा व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर म्हणून आला, तेव्हा ते अप्रूप होतं. पण तो ७२०पी, एका वेळी पाच मिनिटं, आणि चालू असताना आपोआप फोकस नाही. मुलांचे कार्यक्रम आणि नाटकं सलग टिपायची असतील तर डी९० वर वेळ घालवू नका.

मिररलेसबद्दल. वाईट मुळीच नाही. डोळा ओळखून फोकस धरणं हे नाटकात आणि पक्ष्यांत मोठं सुख आहे, आणि निकॉन-कॅननने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, म्हणजे पुढचा रस्ता तोच. पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट कुणी सांगितली नसेल. तुमची ५० एमएम एफ १.८ डी स्वतः फोकस करत नाही. बॉडीतली मोटर तिला स्क्रूने फिरवते. निकॉनच्या झेड, म्हणजे मिररलेस बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्स बसवायचा जोड) लावून ती बसेल, फोटोही येईल, पण फोकस हाताने करावा लागेल. काळोखात संकासुरामागे हाताने फोकस फिरवणं तुम्हाला नको असणार. १८-१०५ ला स्वतःची मोटर आहे, ती त्या अडॅप्टरवर ऑटोफोकस करेल. म्हणजे मिररलेसचा खर्च मांडताना बॉडी, अडॅप्टर आणि नवी उजळ लेन्स असे तीन आकडे मांडा.

माझ्या मते तुमच्यासाठी मधली वाट चांगली आहे: चांगल्या स्थितीतला, कमी शटर काउंटचा जुना डी७२००. बॉडीत मोटर आहे, तुमच्या दोन्ही लेन्स जशाच्या तशा चालतील. बॅटरी मात्र वेगळी, डी९० ची त्याला बसत नाही. डी७५० चा मोह होईल, तोही छान आहे, पण तो फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आणि तुमची झूम लहान सेन्सरसाठीची. १८-१०५ त्यावर लावली की कडा कापून फोटो १० मेगापिक्सेलच्या आसपास उरतो.

आणि डी९० विकू नका. फार पैसे येणार नाहीत, उलट पावसात, होडीत, रेतीत न्यायला तोच बरा. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढत असाल तर जुन्या फाइल्सही ठेवा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून डीनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे घालवायची सोय आहे. मी माझ्या जुन्या जत्रांच्या रॉ फाइल्स त्यातून काढल्या आणि ग्रेनमुळे बाजूला टाकलेले कितीतरी फोटो छापण्यासारखे झाले. आउट आलेले आउटच राहिले.

वेळेचं म्हणाल तर पावसाच्या तोंडावर काही घेऊ नका. डबा मेमध्ये, बॉडी दिवाळीनंतर जत्रा सुरू होण्याच्या आधी. तोवर वहीत नोंदी करत राहा. कार्तिकात कुडाळकडे एखाद्या नाटकाला आलात तर तुमचा डी९० आणि ५० घेऊन या, ती माझ्या डी७२०० वरही लावू आणि एका रात्रीत दोन्ही बॉड्यांवर तोच संकासुर काढून बघू.